मनगट

धुलाईच्या दुकानात मशीनच्या गोल काचेत माझा एकुलता एक चांगला शर्ट गरगरत होता, आणि बाहेर सिग्नलला थांबलेल्या गाडीतून मला माझे हात ऐकू आले. गाणं ऐकू आलं असं मी म्हणत नाही. गाणं गॅरेटचं आहे, आमच्या बँडच्या गायकाचं, ते कुठंही वाजो, माझं काही जात नाही. हात मात्र माझे होते. उजव्या हाताची ती लंगडणारी, जराशी उशिरा पडणारी थाप दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही, कारण तसलं मनगट दुसऱ्या कुणाचं नाही. हा भाग रेडिओवर लागतच नाही, असं रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं मला तोंडावर सांगितलं होतं. रेडिओसाठी वेगळी छोटी तबकडी काढली होती, जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यात हा ड्रमचा भाग नाही. गॅरेट दोन कडवी गातो आणि आवाज विरत जातो. ती छोटी तबकडी उन्हाळाभर वाजली आणि उन्हाळाभर मी सुखानं झोपलो. आता सिग्नल हिरवा झाला, गाडी गेली, सुटलो बुवा म्हणून मी श्वास सोडला, तर हात थांबेनातच. ते पाठीमागून यायला लागले होते. एका ड्रायरवर छोटा रेडिओ ठेवला होता आणि त्याच्याशेजारी एक मुलगी पाय हलवत, डोळे मिटून बसली होती.

"हे कुठलं स्टेशन?" मी विचारलं.

"नवीन आहे. अख्खं गाणं लावतात हे लोक, मध्ये कापत नाहीत," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता गप्प बस हं. ड्रम आलेत. ड्रमच्या वेळी कुणी बोललेलं मला चालत नाही."

"फार लांबतं हे."

"लांबतं? अरे, हा माणूस कुठल्या कुठं पोचलाय बघ तरी! काय घेतलं असेल यानं त्या दिवशी!"

"कॉफी," मी म्हणालो. "आणि आदल्या दिवशीचं सँडविच."

तिनं एक डोळा उघडला, माझे कापलेले केस बघितले, पायातले बूट बघितले. "तुझ्यासारख्या माणसांमुळेच हे युद्ध चाललंय," ती म्हणाली आणि डोळा परत मिटून घेतला. एरवी मला हसू आलं असतं. पण युद्ध म्हटल्याबरोबर सकाळचा निरोप आठवला. खरं म्हणजे तो विसरायलाच मी इथं आलो होतो.

सकाळी गॅरेटनं बाथरूमच्या दारावर धपाधपा मारून सांगितलं, "लेन, तुझ्या आईचा फोन होता. कुणी फिलोमेना आहे, ती चर्चमधून थेट तुमच्याकडं येणार आहे. तिला तुझ्याशी बोलायचंय म्हणे. दुपारी फोन कर. काय रे, लग्नबिग्न ठरवतायत की काय तुझं?" मी नळ सोडून तसाच उभा राहिलो. आमच्या लिंडेलमध्ये आईच्या वयाची प्रत्येक बाई पोरांची तियाच असते, मावशी. आझोर बेटांवरून आलेली घरं, सगळी गाईंवर जगणारी, सगळी एकमेकांची कुणीतरी लागणारी. पण तिया फिलोमेना मशादो मावशी तर आहेच, शिवाय लष्करभरतीच्या बोर्डाची कारकूनही आहे. बोर्डावर नावाला तीन पुरुष आहेत: औषधांच्या दुकानाचा हॅडली, लोण्याच्या कारखान्याचा मॅनेजर आणि शाळेचे निवृत्त फुटबॉल-मास्तर. ते मंगळवारी जमतात, सिगार ओढतात आणि तिया पुढं ठेवील त्या कागदावर सही करतात. कुठला पोरगा शेतीला लागतो, कुठला कॉलेजात आहे, कुणाचं काय दुखतं, हे सगळं तिला तोंडपाठ. माझं उजवं मनगट दुखतं हेही तिला पाठ. माझं कार्ड तिनंच टाइप केलं: सध्या निरुपयोगी, गरज पडल्यास पुन्हा तपासावा. ते 'पुन्हा तपासावा' दोन वर्षं माझ्या पाकिटात आहे. आणि त्याच आठवड्यात, त्याच यंत्रावर तिनं स्वतःच्या मुलाचं, जोईचं, बोलावणं टाइप केलं. गावाच्या वाट्याला जेवढी पोरं आली होती तेवढी द्यायचीच होती. मी वगळला गेलो, तिचा गेला. आणि आज दोन वर्षांनी तिला माझ्याशी बोलायचं होतं. मी नळ बंद केला, गॅरेटला "बघू" म्हणालो आणि कपड्यांचं बोचकं उचललं. भीती वाटली की माझं हे असं होतं, मी काहीतरी धुवायला काढतो.

शर्ट तसाच गरगरत ठेवून मी बाहेर पडलो. फोनची काचेची खोली पुढच्या चौकात, दारूच्या दुकानाच्या कोपऱ्यावर. तिथवर चालत जायचं, चिल्लर टाकायची, बोलायचं, संपलं. पण वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, असल्या वाऱ्यात हॉलिवूडमधला एकूण एक माणूस खिडक्या उघड्या टाकतो, आणि त्या खिडक्यांतून मी वाजत होतो. एका माडीवर कुणीतरी आवाज वाढवला. खाली चपला शिवणारा म्हातारा वर बघून ओरडला, "अरे, संपव की ते! गटारात पाणी तुंबल्यासारखं चाललंय केव्हाचं!" मला त्या म्हाताऱ्याला मिठी माराविशी वाटली. सगळं जग असंच असतं, वयस्कर आणि चिडलेलं, तर माझ्या जिवाला घोर नसता. वरून हसण्याचा आवाज आला, कुणीतरी "आजोबा, नाचा!" म्हणालं, आणि गाणं आणखी मोठं झालं. मी पावलं उचलली. मग लक्षात आलं की मी माझ्याच तालावर चालतोय, उजवं पाऊल किंचित मागं ठेवून. मुद्दाम ताल मोडायचा म्हणून भराभर चाललो. काही उपयोग झाला नाही.

लोक मला विचारतात, म्हणजे लेन सिल्व्हरला विचारतात, कारण इथं माझं नाव लिओनेल सिल्वेरा नाही, की हे गाणं एवढं लांब सुचलं कसं. 'पाण्याखालचा जिना' हे त्याचं नाव. त्यात पाणी नाही आणि जिनाही नाही. वर्तमानपत्रात एकानं लिहिलं, हा मृत्यूपलीकडचा प्रवास आहे. गॅरेट मुलाखतीत डोळे अर्धे मिटून सांगतो, "आम्ही वाजवलं नाही, ते आमच्यातून वाजलं." डोंबल वाजलं! बकच्या गिटारचा अँप्लिफायर बंद पडला, एवढंच झालं. गाण्याच्या ऐन मध्यात फट्‌ आवाज, जळका वास, गिटार ठप्प. मी कोपऱ्यात, चहूबाजूंनी गादी मारलेल्या फळ्या लावलेल्या खुराड्यात बसलेलो. मला दिसत होता तो फक्त गॅरेटचा हात. त्या हातानं हवेत गोल काढला: चालू ठेव. कानावरच्या हेडफोनमधून रेकॉर्डिंगवाला हर्ब म्हणाला, "थांबू नकोस रे, लय सोडू नकोस. मी फ्यूज घेऊन येतो. मधलं सगळं मागाहून कापून टाकू." असं नेहमीच करतात. फीत ब्लेडनं कापायची, नको ते जमिनीवर, हवं ते चिकटवायचं. हर्बच्या पायाशी रोज फितीच्या भेंडोळ्यांचा ढीग असतो, संध्याकाळी झाडूवाली तो झाडून नेते. म्हणजे आता मी जे वाजवीन ते केरात जाणार होतं. ते कुणीही ऐकणार नव्हतं.

आणि मी सुटलो. दोन वर्षं मी दाराकडं कान लावून वाजवत होतो. साधं, पडेल, कुणी मान वळवून बघणार नाही असं. वा, काय ड्रमर आहे, असं कुणी म्हटलं तर ते लिंडेलपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? स्टेजवर मी चामड्याचा पट्टा बांधून बसायचो, मध्येच मनगट चोळायचो. गॅरेट आणि बक रात्र-रात्र रंगीत गोळ्या घ्यायचे, मला द्यायला बघायचे, मी नको म्हणायचो. त्यांना वाटायचं, खेड्यातला कॅथलिक पोरगा, घाबरतो. घाबरायचोच, पण वेगळ्या गोष्टीला. गोळी घेतली आणि खरं बोलून बसलो तर? त्या दिवशी मात्र केरासाठी वाजवायचं होतं. तो रविवार आमच्या सणाचा होता. पवित्र आत्म्याचा सण. हॉलपासून चर्चपर्यंत मिरवणूक निघते, चांदीचा मुकुट घातलेली मुलगी पुढं, मग लाल रेशमी निशाण, मग आमचा गावचा बँड, आणि परत आल्यावर सगळ्या गावाला मोठ्या पातेल्यांतून गोमांसाचं सूप आणि पुदिना घातलेला पाव. दोन वर्षं मी सणाला गेलो नव्हतो. गेलो तर बँडमास्तर गळ्यात ड्रम अडकवणार, आणि नाही म्हणायचं तर सगळ्यांच्या देखत मनगट धरून बसायचं. ते मला जमलं नसतं. मग त्या खुराड्यात बसून मी ती मिरवणूक वाजवली. हॉलच्या पायऱ्या उतरलो, वळणावर थांबलो, कारण तिथं निशाण तारांखालून वाकवून न्यावं लागतं, मग परत उचललं, सोझांच्या गोठ्यावरून जाताना गाई बिचकू नयेत म्हणून हळू, आणि चर्चचा चढ लागल्यावर बाजेवाल्यांना धाप लागते म्हणून आणखी हळू. शेजारी जोई असायचा, मोठा ड्रम पोटावर घेऊन. माझ्या चार थापांनंतर त्याची एक. ती एक मी वाजवली नाही. ती माझी नव्हतीच. तिथं जागा सोडली आणि पुढं गेलो, परत जागा सोडली, परत पुढं गेलो. अशी अख्खी मिरवणूक. लोक त्या जागांना विश्वाची शांतता म्हणतात. जोई मशादो तेव्हा युद्धावर, भातखाचरांच्या चिखलात कुठंतरी होता.

हर्ब फ्यूज घेऊन आला, गिटार परत बोलायला लागली, गॅरेटनं शेवटचं कडवं म्हटलं, आणि संपलं. मी घाम पुसला आणि झालं ते विसरलो. दोन आठवड्यांनी ऐकायला बोलावलं तेव्हा रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर एकच गाणं होतं, अख्खी बाजू. मी शेवटपर्यंत ऐकत बसलो. "हे कापणार होतात ना?" मी म्हणालो. हर्ब म्हणाला, "कापायला ब्लेड घेतलं होतं. एकदा ऐकलं, मग ब्लेड ठेवून दिलं." मी म्हणालो, कापा. गॅरेट म्हणाला, "वेडा आहेस का तू? इतकं चांगलं तू जन्मात वाजवलं नाहीस. परत वाजवणार नाहीस. मी असतो तर छातीवर गोंदवून घेतलं असतं." मी म्हणालो, माझं मनगट बिघडलंय, मला हे परत स्टेजवर वाजवता येणार नाही. "मग नको वाजवूस. रेकॉर्डवर तर आहे!" तो म्हणाला आणि मला मिठीच मारली त्यानं. तेच तर, रेकॉर्डवर होतं. बाकी कुणाला कळलं नाही तरी मला कळत होतं की ज्याचं मनगट चालत नाही म्हणून सरकारनं सोडलं, त्याचं मनगट आता देशभर दुकानादुकानांतून विकत मिळणार आहे.

आणि तसं म्हटलं तर मनगट खरंच चालत नाही. हे कुणाला सांगून पटायचं? शाळेत असताना पहाटेच्या दुधाला एका गाईनं अंग टाकलं आणि माझा हात दावणीच्या लोखंडी गजात सापडला. डॉक्टर ब्रूमनं हाड बसवलं, पण मनगट मागं वळायचं थांबलं ते थांबलंच. मग मी स्टिक बोटांत लोळवायला शिकलो, मनगटाचं काम बोटांनी करायचं. त्यात एक थाप मागं राहते. बँडमास्तर वहीनं डोक्यात मारायचा, "लंगड्या, सरळ चाल!" आणि जोई दात काढायचा. पुढं मला लक्षात आलं की लोकांना तेच आवडतं. म्हणजे मी अर्धा खरा आहे. तपासणीच्या दिवशीही अर्धाच खरा होतो. गावची बस भरून पोरं शहरात नेली होती, चड्ड्यांवर रांगेत उभी केली होती, माझ्यामागं जोई. लष्करी डॉक्टरनं मनगट मागं वाकवलं, ते वाकलं नाही. बोटं चालतात का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, आखडतात, काही धरता येत नाही, दुधाची बादलीसुद्धा सुटते. जोईनं वर छताकडं बघितलं. आदल्याच शनिवारी एका लग्नात आम्ही दोघांनी जेवणं होईपर्यंत वाजवलं होतं. डॉक्टरनं कागदावर काहीतरी मारलं. परतीच्या बसमध्ये जोई खिडकीशी बसला होता, गाव जवळ आल्यावर म्हणाला, "तुझं दुखणं बरं सुरात होतं रे." मी म्हणालो, कुणाला सांगशील का? "कुणाला सांगू? आईला?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो, कारण आई म्हणजेच बोर्ड होतं. त्यानं सांगितलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यानं त्याचा मोठा ड्रम आमच्या गोठ्याच्या माळ्यावर आणून ठेवला, उंदरांपासून जप म्हणाला.

चौक आला. गाणं अजून संपलं नव्हतं. एक पोलिसाची गाडी हळूहळू गेली, तिच्यात मात्र बेसबॉलची मॅच चालू होती. मी फोनच्या खोलीत शिरून दार ओढलं आणि गाणं एकदाचं काचेबाहेर राहिलं. आत उकाडा, जुन्या सिगारेटींचा वास. मी चिल्लर टाकली नाही. आधी मनात सगळं लावून बघितलं. हॅडलीनं ऐकलं असेल. त्याच्या दुकानात रेकॉर्डी विकायला असतात, गोळ्यांच्या पलीकडच्या रॅकवर. हॅडलीनं मास्तरांना ऐकवलं असेल, मास्तर म्हणाले असतील, हा तर सिल्वेरांचा पोरगा, याला मी धावायला शिकवलंय. मंगळवारी तिघं सिगार पेटवून बसतील, मधोमध रेकॉर्ड प्लेअर, आणि अख्खी बाजू ऐकतील. मग तिया फिलोमेनाला सांगतील, बाई, घ्या कागद. तिला हात आवरता येणार नाही, आणि ती का आवरेल? तिच्या जागी माझी आई असती तर तिनं मागं राहिलेल्या दुसऱ्याच्या पोराला कधीच खेचत नेऊन बसमध्ये बसवलं असतं. मला सांगायचं होतं की मनगट खरंच वळत नाही, या, बघा, वाकवून बघा. आणि मला हेही माहीत होतं की ते वाकवून बघणार नाहीत, ते फक्त ऐकतील. नाणं दोनदा निसटलं. मी मरायला भीत होतो. भीत होतो म्हणजे अगदी साधं, लहान मुलासारखं भीत होतो, त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. शेवटी नाणं आत गेलं.

"जेवलास का?" माईनं पहिलं तेच विचारलं.

"जेवलो. माई, ती काय म्हणतेय?"

"मला काही सांगत नाही रे. आल्यापासून नुसती बसलीय, कॉफीला हात लावला नाही. जोई बरा आहे, तसलं काही नाही, मी आधी तेच विचारलं. तू काही केलंस का? लिओनेल, खरं सांग, पोलिसाबिलिसाचं काही आहे का? तिथं सगळे गोळ्या खातात म्हणे."

"मी नाही खात."

"केस कापलेस?"

"माई, तिला दे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माई कुजबुजत काहीतरी म्हणाली, मग तिया फिलोमेनाचा तो ऑफिसातला, कोरडा आवाज आला. "लिओनेल? ऐकू येतंय नीट?"

"हो, तिया."

"जोईनं रेकॉर्ड मागवली. तिथं तंबूत सगळी पोरं तीच लावतात म्हणे, त्यांची झिजली. मी शहरात जाऊन आणली. पाठवायच्या आधी म्हटलं एकदा लावून बघू, ओरखडा असला तर दुकानदाराच्या तोंडावर मारता येईल. तुझे काका उठून बाहेर गेले. हॅडलीची पोरगी दुकानात लावते तर तो दुसऱ्या मिनिटाला ओरडतो, बंद कर ते भुंकणं. मॅनेजरकडंही तेच. आमच्या वयाचं कुणी पहिल्या कडव्याच्या पुढं जातच नाही."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. मी काचेला टेकलो. कुणी ऐकलं नव्हतं. एवढी भीती, आणि त्या तिघांना तेवढा धीरच नव्हता!

"मी ऐकलं," तिया म्हणाली. "ओरखडा शेवटाकडंही असतो."

मी काचेवरून पाठ काढून सरळ उभा राहिलो.

"इतकी वर्षं तुम्हा पोरांच्या पुढं निशाण धरून चालले रे मी. मागं वळून बघता येत नाही, निशाण हलतं. सगळं पाठीनं ऐकायचं. कोण दमलं, कोण चुकलं, कोणाचा पाय लंगडतोय. वळणावर तू थांबलास, तेव्हा माझे हात आपोआप वर झाले, तारा आल्या म्हणून. बसल्या जागी! मग म्हटलं, आता जोईची थाप. ती आलीच नाही. मला वाटलं रेकॉर्ड खराब आहे. सुई उचलून परत लावली. परत तिथं काही नाही." मागं माईनं नळ सोडला होता, तो बंद केला. "मग कळलं मला."

"तिया..."

"हात कसा आहे तुझा?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत अनेकांनी विचारला होता आणि उत्तर माझ्या जिभेवरच असायचं. दुखतो. हवा बदलली की फार. धरता येत नाही काही. गॅरेटला, घरमालकिणीला, चर्चमधल्या पाद्रीबुवांना, सगळ्यांना दिलेलं उत्तर. ते तयार होतं. पण ही बाई माझ्या पुढं चाललेली होती, हिनं त्या जागा ऐकल्या होत्या, ज्या मी तिच्याच मुलासाठी सोडल्या होत्या, आणि त्या ऐकून तिनं सुई परत ठेवली होती. हिला काय सांगायचं?

"बरा आहे, तिया," मी म्हणालो.

"बरा आहे," ती म्हणाली. टाइप करण्याआधी ती असंच मोठ्यानं वाचते, सगळं गाव तिची नक्कल करतं. आता येईल, मी मनात म्हटलं, आता ती म्हणेल, मग ये. आणि मला वाटलं, म्हणू दे. एकदाचं म्हणू दे.

"वरून हुकूम आलाय," ती म्हणाली. "पोरं कमी पडतायत. जुनी कार्डं परत काढायची. तुझं मंगळवारी निघेल, मला ते खाली सरकवता येणार नाही, ती वर्णक्रमानं आहेत. तुला परत तपासणीला बोलावतील. तिथल्या डॉक्टरला असं 'बरा आहे' म्हणालास तर पुढचा बोलावण्याचा कागद माझ्याकडंच टाइपला येणार. जोईचा आला होता. चूक नको म्हणून मी नाव दोनदा वाचून बघितलं होतं, अक्षर न्‌ अक्षर. पोटच्या पोराचं नाव. मी परत नाही करणार ते. मला नाही होणार. तेव्हा म्हण, दुखतो."

"तिया, जोईला कळलं तर..."

"जोईला तुझ्या हाताचं माझ्या आधी कळलंय. सहा वर्षं शेजारी वाजवलंय त्यानं. उगाच मागवली का रेकॉर्ड? आणि त्याला मध्ये आणू नकोस. म्हण."

दोन वर्षं सहज सांगितलेली गोष्ट आता तोंडातून निघेना. मी रिसीव्हर डाव्या हातात घेतला आणि उजवं मनगट पोटाशी धरलं. का, कुणास ठाऊक.

"दुखतो," मी म्हणालो.

"असं कुणाला पटायचं? मोठ्यानं म्हण."

"दुखतो, तिया. फार दुखतो!" मी ओरडलोच. दारूच्या दुकानातून बाहेर पडणारा माणूस पिशवी छातीशी धरून थबकला आणि काचेतून माझ्याकडं बघायला लागला.

"परत," तिया म्हणाली. ती रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्न तिनं सोडून दिला होता.